शॉर्ट-स्केल बेस: आधी लाटणं, मग दुकान, मग फीलर गेज

गणपतीच्या आधी खानापूरकडचा एक पोरगा वडिलांना घेऊन घरी आला. हातात नवा कोरा शॉर्ट-स्केल बेस, म्हणजे आखूड तारांची बेस गिटार. वडील म्हणाले, "येवढे पैसे घालून आणलंय, आणि ही जाड तार नुसती लोंबायलीय बघा. परत पाठवू काय?" बेस उत्तम होता. बिघाड खुंटीपाशी होता. लांब बेसच्या तारा आणून कुणीतरी कापून बसवल्या होत्या, जाड तारेचे वेटोळे एकावर एक चढले होते आणि दर गाण्याला सूर उतरत होता. त्यावर उपाय म्हणून पोराने ॲम्पचा (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा) बेसचा, म्हणजे खालच्या आवाजाचा, नॉब शेवटपर्यंत फिरवला होता.

ही तक्रार थोड्याफार फरकाने मी बेळगावात कायम ऐकतो, आणि दर वेळी चूक क्रमाची असते. आधी हात मोजायचा, मग वाद्य बघायचं, मग तारा, मग सेट-अप (मानेचा बाक, तारेची उंची यांची जुळवणी), आणि ॲम्पचे नॉब सगळ्यात शेवटी. मंडळी नॉबपासून उलटी सुरुवात करतात. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या, मधला गाळू नका.

## टप्पा १: घरच्या घरी मोजणी

स्केल म्हणजे नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजच्या (अंगावरची घोडी) सॅडलपर्यंत (तिच्यावर तार टेकते तो तुकडा) तारेची वाजणारी लांबी. मोजायची सोपी रीत अशी: नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) अंतर घ्या आणि दुप्पट करा. नेहमीचा बेस ३४ इंची, म्हणजे बाराव्या फ्रेटला १७ इंच. शॉर्ट-स्केल साधारण ३० इंची, म्हणजे १५. मधला ३२ इंची मीडियम.

"पोरांचा बेस" किंवा "अर्धा बेस" हे डोक्यातून काढा. सूर तेच आहेत: जाड तार ई, ४१.२ हर्ट्झ, मग ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८. फरक ताणात आहे. तीच तार त्याच सुराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ चा वर्ग ११५६, ३० चा ९००. म्हणजे शॉर्ट-स्केलवर ताण सुमारे २२ टक्के कमी. या वाद्याचा गोडवा आणि कटकट दोन्ही या एका आकड्यातून निघतात.

आता स्वयंपाकघरातून लाटणं आणा, विचारून आणा. त्यावर पेन्सिलीने एक खूण करा, तिथून ११४ मिमीवर दुसरी आणि १३० मिमीवर तिसरी. पहिली ते चौथी फ्रेट हे अंतर शॉर्ट-स्केलवर ११४ मिमी असतं, ३४ इंचीवर १३०. लाटणं बेसच्या मानेसारखं आडवं धरा, अंगठा मागे, तर्जनी पहिल्या खुणेवर, करंगळी दुसऱ्यावर. मधली दोन बोटं आपोआप जागेवर पडली पाहिजेत. मग करंगळी तिसऱ्या खुणेवर न्या आणि एक मिनिट तशीच ठेवा.

तपासा: तिसऱ्या खुणेवरही मनगट सरळ राहत असेल तर शॉर्ट-स्केल ही तुमची गरज नाही, आवड असू शकते. मनगट वाकत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी ओढ बसत असेल तर गरज आहे.

मानेची रुंदी हा वेगळा मुद्दा आहे, तो स्केलबरोबर मिसळू नका. नटपाशी ३८ मिमी आणि ४२ मिमी यांत हाताला मोठा फरक कळतो, आणि शॉर्ट-स्केलमध्ये दोन्ही मिळतात.

## टप्पा २: कुठे वाजवणार ते ठरवा

शॉर्ट-स्केलचा आवाज गोल आणि भरीव असतो, मूळ सूर ठळक, वरचे सूक्ष्म स्वर कमी. अभंग, भावगीत, चर्चमधली गाणी, जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा यांत तो फार छान बसतो. अंगठ्याने फटकारून खणखणीत स्लॅप वाजवायचं असेल, पाचवी तार हवी असेल किंवा ई तार डीपर्यंत उतरवून जड संगीत वाजवायचं असेल, तर सरळ ३४ इंची घ्या. २२ टक्के कमी ताणाची तार आणखी उतरवली की तिची दोरी होते.

बाजारातली नावं: स्क्वायर ब्रॉन्को, फेंडर मस्टँग आणि आयबानेझ टॅलमन टीएमबी ३० हे ३० इंची. ग्रेच ज्युनियर जेट ३०.३, गिब्सन एसजी ३०.५. आयबानेझ मायक्रो २८.६ इंची, तो खरंच लहान हातांसाठी. व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंची आणि आतून पोकळ. स्टेजवर मॉनिटरसमोर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) उभं राहिलात तर तो घूं-घूं करणार, हे धरून चला.

व्हिडिओ बघून आवाज पसंत करणार असाल तर कानाला हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. तुम्ही जे ऐकता ते बोटांचं घासणं आणि वरचे स्वर, आणि शॉर्ट-स्केलचं बलस्थान नेमकं त्याच्या खाली आहे.

## टप्पा ३: हातात घेऊन तपासणी

बेळगावच्या दुकानांत एका वेळी दोन-तीन शॉर्ट-स्केल शेजारी ठेवून बघायला मिळणं कठीण. त्यामुळे लोक पुण्याला किंवा बेंगळूरला जातात, नाहीतर कुरियरने मागवतात. कुरियरने आला तर हीच तपासणी घरी करा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा. बरोबर हवं स्वतःचं केबल, १५० मिमीची स्टीलपट्टी, केबल जोडता येईल असा ट्यूनर आणि स्वतःचा पट्टा.

क्रम असा:

१. पट्टा अडकवून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. मान जमिनीकडे झुकली तर त्याला नेक-डाइव्ह म्हणतात. एसजीच्या आकाराच्या बेसना हा रोग आहे. थोडा असेल तर सात-आठ सेंटिमीटर रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा भागवतो. जास्त असेल तर डावा हात दिवसभर मान उचलण्यातच जाईल आणि छोटं स्केल घेऊन मिळवलेलं सगळं तिथे गमवाल.

२. हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून मानेवरून बघा. पीळ दिसला तर पुढचं काही बघू नका, ठेवून द्या. पीळ दुरुस्त होत नाही असंच समजा.

३. सूर लावा आणि चारही तारांवर एकेक फ्रेट सावकाश वाजवा. घाई करू नका, दुकानदार चहा सांगेल तो घ्या.

४. नॉब आणि सॉकेट: केबल हलवल्यावर कडकड, नॉब फिरवताना खरखर.

५. खुंट्या: ई तार अर्धा सूर उतरवून पुन्हा चढवा. खुंटी मध्येच रिकामी फिरता कामा नये.

थांबा: एखाद्याच फ्रेटवर तार झणझणत असेल तर बहुधा तिच्या पुढची फ्रेट वर उचललेली असते. "सेट-अपने जाईल की ते" असं ऐकवलं जाईल. जात नाही. फ्रेट घासावी लागते, आणि ते कारागिराचं काम आहे.

ब्रॉन्कोबद्दल एक गोष्ट. त्याच्या ब्रिजला चार तारांना मिळून दोनच सॅडल असतात. त्यामुळे बाराव्या फ्रेटचा सूर प्रत्येक तारेला स्वतंत्र जुळवता येत नाही, दोन तारांत तडजोड करावी लागते. बाराव्याच्या वर फारसं न जाणाऱ्याला चालतं. पण हे माहीत असून घेणं वेगळं आणि घरी आल्यावर कळणं वेगळं.

## टप्पा ४: तारा, जिथे बहुतेक जण घसरतात

लांब बेसच्या तारा कापून लावल्या तर काय होतं? बेसची तार म्हणजे आत पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली जाड तार. शेवटाकडे ती निमुळती होते, तिथे बहुधा रंगीत रेशमी दोरा गुंडाळलेला असतो. हा निमुळता भाग खुंटीला गुंडाळण्यासाठी असतो. ३४ इंची तार ३० इंची बेसवर लावली की निमुळता भाग खुंटीच्या पुढे निघून जातो आणि पूर्ण जाडीची तार खुंटीला पिळावी लागते. ती नीट बसत नाही, वाकताना गुंडाळी सैल होते आणि आवाज मेल्यासारखा येतो. संच दोन हजारांच्या पुढे जातो, म्हणून "आहेत त्या लावू" हा मोह होतो. त्याला बळी पडू नका.

उलट चूकही होते. तार आखूड पडली तर निमुळता, रेशीम गुंडाळलेला भाग नटवरच येतो आणि मोकळी तार बद्द वाजते.

म्हणून मागवण्याआधी मोजा. तारेचा मणी ब्रिजमध्ये जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंतचं अंतर घ्या. पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात दिलेली गुंडाळीची लांबी या अंतरापेक्षा जास्त हवी, पण खुंटीपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी. मस्टँगच्या काही मॉडेलांत तार अंगातून मागून ओवायची असते, तिथे मण्यापासूनचं अंतर वाढतं. "शॉर्ट-स्केल" लिहिलेला संचही त्याला कधी कधी आखूड पडतो आणि मीडियम घ्यावा लागतो. नाव वाचून घेऊ नका, पट्टी लावून घ्या.

जाडी (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात, सर्वांत बारीक तार ते सर्वांत जाड): ४५–१०० चा संच, उदाहरणार्थ डॅडारिओ ईएक्सएल १७० एस, हाताला मऊ लागतो. ज्याला ई तार लोंबते असं वाटतं त्याने ४५–१०५ किंवा ५०–१०५ घ्यावा. माझं मत विचाराल तर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेली तार. ती गुळगुळीत असते, ताण थोडा जास्त वाटतो, बोटांचं घासणं ऐकू येत नाही आणि भजनात ती हरवत नाही.

बसवायचा क्रम:

१. एका वेळी एकच तार काढा. हॉफनरचा लाकडी ब्रिज तारांच्या दाबावरच उभा असतो. चारही तारा एकदम काढल्या की ब्रिज हातात येतो आणि त्याची जागा शोधत अख्खी दुपार जाते.

२. तार खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर ओढून घ्या. तिथे आधी काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर गुंडाळी उकलू शकते.

३. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि वेटोळे वरून खाली घ्या. दोन-तीन पुरे.

४. सूर लावून झाला की सॅडलच्या अगदी पुढे आणि नटच्या अगदी पुढे तार अंगठ्याने हलकी दाबा. वळण नीट बसतं. हे न केल्यामुळे नवी तार बेसूर लागते आणि माणूस सॅडलला दोष देत बसतो.

तपासा: सूर चढवताना नटपाशी "टिक" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? मग खाच अरुंद आहे. तात्पुरतं तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. जाड संच लावला असेल तर खाच रुंद करून घ्यावी लागेल.

मोबाइलच्या ॲपवर ई तार लागत नाही, काटा नाचतो. माइकला तो खालचा सूर पकडता येत नाही. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा आणि त्यावर लावा.

## टप्पा ५: सेट-अप

इथला क्रम बदलायचा नाही: सूर, मानेचा बाक, तारेची उंची, बाराव्या फ्रेटचा मेळ. प्रत्येक बदलानंतर पुन्हा सूर.

मिरजेच्या तंबोऱ्यात आपण ब्रिजवर दोरा सरकवून जवारी मुद्दाम आणतो. बेसमध्ये तीच झणझण आली की काहीतरी बिनसलंय. पण काय बिनसलंय ते मोजल्याशिवाय ठरवायचं नाही. हे मी नुकसान सोसून शिकलो. एका जुलैत माझ्या बेसच्या पहिल्या तीन-चार फ्रेट झणझणायला लागल्या. मी न मोजता ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक बदलणारी सळई) आवळला. झणझण वाढली, म्हणून आणखी आवळला. हातात होती ३ मिमीची ॲलन की (षटकोनी चावी), आणि खोबणी होती १/८ इंचाची, म्हणजे ३.१७५ मिमी. चावी फिरली, खोबणीचे कोपरे गोल झाले. उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) मशीनशॉप चालवणाऱ्या मित्राने व्हर्निअर लावून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "इंची होती की रे."

बेळगावात प्रत्येकाचा एकतरी मित्र किंवा मेव्हणा उद्यमबागेत असतो. त्याच्याकडून फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि इंची-मिमी दोन्ही चाव्यांचा संच उसना आणा. चावी खोबणीत डुलता कामा नये.

बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा (नसेल तर दुसऱ्याला बोट ठेवायला सांगा) आणि जिथे मान अंगाला मिळते तिथली फ्रेट दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते फीलर गेजने बघा. ०.३ ते ०.३५ मिमी ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याप्रमाणे आवळा, कमी असेल तर उलट सैल करा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. सूर लावा, तासभर थांबा, पुन्हा मोजा. माझ्या बेसला त्या जुलैत फट नव्हतीच. सैल करायच्या जागी मी आवळत होतो.

उंची. बाराव्या फ्रेटला तारेची खालची कड ते फ्रेटचा माथा: ई तारेला अडीच मिमी, जी तारेला दोन मिमी. इथून सुरू करा. लांब बेस वाजवणारे मित्र "अजून खाली घे, मऊ होईल" असं सांगतील. शॉर्ट-स्केलची तार सैल असल्यामुळे जास्त रुंद हलते, तिला जागा लागते. मऊपणा आधीच आहे, तो आणखी मिळवायला जाऊ नका.

मेळ. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवा. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल मागे, नटपासून दूर न्या. उतरता लागला तर पुढे आणा. दाबताना बोट हलकं ठेवा, जोर दिला की ही सैल तार लगेच चढते आणि तुम्ही चुकीच्या मापावर सॅडल सरकवता.

तपासा: झणझण पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बाक बघा, बाराव्याच्या वर असेल तर उंची बघा. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नटची खाच खोल गेली आहे.

## टप्पा ६: ॲम्प

थोडक्यात सांगतो. गिटारच्या ॲम्पवर बेस वाजवू नका, मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटतो. घरी १५–२५ वॅटचा बेसचा ॲम्प किंवा हेडफोन-ॲम्प पुरे. कीबोर्डचा ॲम्प चालतो. मंडपात डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) सरळ मिक्सरला द्या.

नॉब सगळे मध्यावर ठेवून सुरू करा. शॉर्ट-स्केलला खालचा भाग मुळातच भरपूर असतो, त्यात बेस वाढवला की चिखल होतो. बेसचा नॉब थोडा कमी करा आणि मिड (मधल्या आवाजाचा नॉब) वाढवा, ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास. घरात एकट्याला ते नाकात बोलल्यासारखं वाटेल. ढोलकी, ऑक्टापॅड आणि दोन कीबोर्ड यांच्यात तेच ऐकू येईल.

थांबा: मंडपात जनरेटर आणि अर्थिंग यांचा भरवसा नसतो. तारांना हात असताना ओठ माइकला लागून विजेचा चिमटा बसला, तर वाजवणं बंद करा आणि वायरमनला बोलवा. "थोडं येतंच की" यावर विश्वास ठेवू नका.

## टप्पा ७: बोटं

गिटारवरून आलेले लोक तार ओरबाडतात. सैल तार ओरबाडली की सूर आधी चढतो आणि मग जागेवर येतो. ऐकणाऱ्याला बेस बेसूर वाटतो. हात हलका ठेवा, आवाज ॲम्पकडून घ्या. तार फार सैल वाटली तर उजवा हात ब्रिजकडे सरकवा, तिथे ती घट्ट लागते.

मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत अशा: ई म्हणजे पांढरी तीन, ए पांढरी सहा, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच. आपल्याकडे भजनी मंडळ काळी एक धरतं, आणि तिथे नवशिक्याची पंचाईत होते, कारण सा किंवा प एकाही मोकळ्या तारेवर येत नाही. पण नीट बघा: सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि खालचा प ई तारेच्या त्याच चौथ्या फ्रेटवर. वरचा प डी तारेच्या सहाव्यावर, वरचा सा जी तारेच्या सहाव्यावर. तर्जनी चौथ्यावर ठेवा, अनामिका सहाव्यावर, हात कुठेही न हलवता अख्खा अभंग निघतो. न वाजणाऱ्या तारांवर उजव्या हाताचा अंगठा टेकवून ठेवा, नाहीतर मोकळी ए तार मागे गुणगुणत राहते, आणि काळी एकच्या सा पुढे ते फारच वाईट लागतं.

पखवाजाचा धूम आणि बेसचा खालचा प एकाच जागेवर भांडतात. शॉर्ट-स्केलवर हे भांडण जास्त रंगतं. उपाय एकच: सूर आखूड वाजवा. पखवाज बोलला की डाव्या हाताचं बोट सैल करून तार गप्प करा. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली तर हे काम आपोआप होतं. भांडी घासायचा नवा स्पंज कापून घ्या, हिरवा खरखरीत भाग काढून.

## टप्पा ८: पावसाळा

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस आणि अथणीकडे कोरडं, एकाच जिल्ह्यात ही तऱ्हा. बेस इकडून तिकडे नेला की मान हलते. कुणाची पुढे वाकते, कुणाची मागे. म्हणून जूनच्या शेवटी आणि पुन्हा मार्चमध्ये टप्पा ५ मधली फट मोजा. बदल नसेल तर चावी खिशातच ठेवा.

वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा पुसा, खालच्या बाजूनेही. बेस बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आषाढात ती भिंत घाम फोडते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या रंग बदलणाऱ्या असतील तर उत्तम. रंग बदलला की सांगितल्याप्रमाणे वाळवून परत ठेवता येतात.

त्या खानापूरच्या पोराला ४५–१०५ चा शॉर्ट-स्केल संच लावून दिला, ट्रस रॉडला हातही लावावा लागला नाही. लाटणं मात्र तो घरून आणलेलं माझ्याकडेच विसरून गेला. खुणा अजून आहेत त्यावर.